शॉर्ट डॉलरचा, जोखीम कॉइनची

पत्र कसबा बावड्याहून आलंय. लिहिणारा २७ वर्षांचा, उद्यमनगरात सीएनसी मशीनवर कामाला. पत्र मोठं आहे, त्यातलं कामाचं तेवढं देते.

"मावशी, शेअर बाजारात मी इंट्राडे शॉर्ट मारलेत, त्यामुळं शॉर्ट म्हणजे काय ते मला कळतं असं वाटत होतं. मित्रानं बिटशेअर्स या जुन्या क्रिप्टो एक्स्चेंजच्या धर्तीवर चालणारं एक एक्स्चेंज दाखवलं. तिथं डॉलरला बांधलेलं एक टोकन आहे आणि त्यांचं स्वतःचं मूळ कॉइन आहे. डॉलर-टोकन कायम एका डॉलरलाच राहतं, मग त्याचा शॉर्ट मारण्यात कसला धोका, असं धरून मी १,००० डॉलरचा शॉर्ट टाकला. माझी २०,००० कॉइन तारणात गेली. तेव्हा कॉइन १० सेंटला होतं. चार दिवस ऑर्डर लागलीच नाही, माझ्यामागून आलेल्यांच्या लागल्या. व्याजाच्या रकान्यातला आकडा वाढवला तेव्हा कुठं लागली. आता कॉइन साडेसात सेंटवर आलंय. टोकन एका डॉलरलाच आहे, तरी माझा तोटा वाढतोय. तो कसा? तारण कर्जाच्या १.७५ पटीवर आलं की मार्जिन कॉल, म्हणजे सक्तीची विक्री, आहे. वॉलेटमध्ये ७,००० कॉइन सुटी आहेत. शिवाय आईचा साज पतसंस्थेत ठेवून लाखभर उचलावेत आणि तारणात घालावेत का? घरी अजून कुणाला सांगितलं नाही."

बाळा, साजाचं उत्तर आधी देते. ठेवू नकोस. का ते पुढं सांगते, पण बाकीचं वाचेपर्यंत तू पतसंस्थेच्या पायऱ्या चढू नयेस म्हणून हे पहिल्यांदा.

मी नोकरीतली बरीच वर्षं सहकारी बँकेत सोनंतारण कर्जाच्या टेबलावर काढली. तुझं पत्र वाचताना मला वारंवार तेच टेबल आठवत होतं, कारण तू ज्याला शॉर्ट म्हणतोस ते मुळात तारण कर्ज आहे. शेअर बाजारातला शब्द इथं तसाच उचलला गेलाय आणि तिथंच तुझी फसगत झाली.

शेअरमध्ये शॉर्ट मारताना तू काय करतोस? भाव पडणार असं वाटतं म्हणून नसलेला शेअर आधी विकतोस आणि संध्याकाळच्या आत परत घेतोस. शेअर आधीपासून बाजारात असतो, कंपनीनं काढलेला असतो. इथलं डॉलर-टोकन असं कुणी काढून ठेवलेलं नाही. अशा एक्स्चेंजमध्ये टोकन जन्माला येतं ते कुणीतरी शॉर्ट मारतो त्या क्षणी. समोरच्याला १,००० डॉलर-टोकन हवी होती. तेव्हाच्या भावानं त्यानं १०,००० कॉइन दिली. ती तुझ्या हातात आली नाहीत, ती तुझ्या २०,००० बरोबर कुलपात गेली. म्हणजे कुलपात एकूण ३०,००० कॉइन. त्या बदल्यात सिस्टीमनं १,००० टोकन नव्यानं तयार करून त्याला दिली आणि तुझ्या नावावर १,००० टोकनचं देणं लिहिलं. ते देणं फेडायचं तर बाजारातून १,००० टोकन विकत घेऊन परत द्यायची. दिलेली टोकन तिथंच नष्ट होतात आणि कुलूप उघडतं. याला कव्हर करणं म्हणतात.

२०१४ साली बिटशेअर्स सुरू झालं तेव्हा त्यांच्या बिटयूएसडी या डॉलर-टोकनची रचना अशीच होती. मागं कुठल्या बँकेत डॉलर ठेवलेले नव्हते, बाजारातल्या प्रत्येक बिटयूएसडीमागं कुणातरी शॉर्ट मारणाऱ्याचं बीटीएस, म्हणजे बिटशेअर्सचं मूळ कॉइन, अडकलेलं होतं. डॅनियल लॅरिमर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी केलेली ती कल्पना मला आजही हुशारीची वाटते. तिची जोखीम कुणाच्या अंगावर पडते, एवढं मात्र नीट कळायला हवं. ती पडते तुझ्या अंगावर.

आता तुझा मुख्य प्रश्न. टोकन एका डॉलरवरून हललं नाही, तरी तोटा कसा?

तुझं देणं डॉलरमध्ये आहे आणि तुझी मालमत्ता कॉइनमध्ये. देणं जागचं हललं नाही हे खरं. पण ते फेडायला कॉइन लागतात किती ते बघ. १० सेंट भाव होता तेव्हा १,००० टोकनला १०,००० कॉइन लागत होती. आज साडेसात सेंटला १३,३३३ लागतात. कुलपातल्या ३०,००० मधून एवढी वजा केली की तुझी उरतात १६,६६७, आणि त्यांची आजची किंमत १,२५० डॉलर. तू आत गेलास तेव्हा तुझी २०,००० कॉइन २,००० डॉलरची होती. नुसती वॉलेटमध्ये ठेवली असतीस तर आज १,५०० डॉलर असते. कॉइन २५ टक्के पडलं, तुझे पैसे साडेसदतीस टक्के पडले.

उलटं पण करून बघ. कॉइन १५ सेंटला गेलं असतं तर ३०,००० कॉइनचे ४,५०० डॉलर, देणं १,०००, तुझे ३,५००. नुसत्या २०,००० कॉइनचे ३,००० झाले असते. म्हणजे कॉइन वाढलं की तुला दीडपट फायदा आणि पडलं की दीडपट तोटा, कारण पैसे २०,००० कॉइनचे घालून तू ३०,००० कॉइनवर बसलायस. बाजारात याला तेजी करणं म्हणतात, तीही उधारीवर. शॉर्ट शब्दामुळं तू मंदीवाला आहेस असं तुला वाटलं, आणि डॉलर तर हलतच नाही म्हणून निर्धास्त राहिलास. हलणारी गोष्ट डॉलर नव्हतीच कधी.

हे एकदा डोक्यात बसलं की ऑर्डरचं गूढही सुटतं.

साध्या खरेदी-विक्रीत जो चांगला भाव देईल त्याची ऑर्डर आधी लागते. शॉर्टवाल्यांना तशी मोकळीक दिली असती तर काय झालं असतं? प्रत्येकानं आपला नंबर लागावा म्हणून टोकन थोडं थोडं स्वस्त विकलं असतं आणि टोकन एका डॉलरवरून खाली घसरलं असतं. गंगावेशीत कट्ट्यावर म्हैस खुंटीला बांधलेली असते तसं हे टोकन डॉलरला बांधलंय, आणि दाव्याची लांबी ठरवणारा हा एक नियम आहे: शॉर्ट मारणाऱ्यानं जाहीर भावापेक्षा स्वस्त टोकन विकायचं नाही. तो जाहीर भाव म्हणजे प्राइस फीड. जुन्या बिटशेअर्समध्ये मतदानानं निवडलेले १०१ डेलिगेट होते. ते बाहेरच्या बाजारात एका डॉलरला किती बीटीएस पडतात ते पाहून आपापला आकडा जाहीर करत. ते सगळे आकडे चढत्या क्रमानं लावून मधला घ्यायचा. सरासरी काढत नाहीत हे महत्त्वाचं आहे. एकानं खोटा, अवाच्या सवा आकडा टाकला तर सरासरी हलते, मधला आकडा जवळजवळ जागचा राहतो.

मग सगळे शॉर्ट एकाच भावाला उभे असतील तर नंबर कुणाचा? जो जास्त व्याज देईल त्याचा. तुझ्या ऑर्डरमधला तो व्याजाचा रकाना त्यासाठी होता. तू शून्याच्या जवळचा आकडा टाकून भाव चांगला दिल्याचं समाधान मानत होतास, पण तिथं भावाची शर्यत नव्हतीच, व्याजाची होती. जुन्या बिटशेअर्समध्ये हे व्याज टोकन बाळगून बसलेल्यांच्या वाट्याला जाई, आणि शॉर्ट ३० दिवसांत फेडावा लागे, नाहीतर सिस्टीमच तो बाजारातून फेडून टाकी. तुझ्या एक्स्चेंजच्या नियमांत मुदत आहे का ते आज बघ. पत्रात तू त्याबद्दल काहीच लिहिलेलं नाहीस, म्हणजे बहुतेक वाचलेलं नाहीस.

ऑर्डरमध्ये आणखी एक रकाना असतो, भावाच्या मर्यादेचा. तो भरताना पुष्कळजण उलटा भरतात. तू कॉइन घेणारा आहेस हे लक्षात ठेव. मर्यादा ११ सेंट टाकलीस तर अर्थ असा, की कॉइन ११ सेंटच्या वर महाग झालं तर मला आत घेऊ नका. काही ठिकाणी भाव 'एका कॉइनला किती डॉलर' असा दाखवतात, काही ठिकाणी 'एका डॉलरला किती कॉइन' असा. आकडा भरण्याआधी तो कशाचा आहे ते कागदावर लिहून काढ.

पुढं ऑक्टोबर २०१५ मध्ये बिटशेअर्सची २.० आवृत्ती आली आणि त्यांनी ही व्याजाची रांग काढून टाकली. आधी स्वतःची कॉइन तारण ठेवून टोकन कर्जाऊ घ्या, मग विका नाहीतर जवळ ठेवा, अशी सरळ पद्धत केली. कर्ज हा शब्द तिथं उघडपणे आला. मला ते प्रामाणिक वाटलं. आपण कर्ज घेतोय हे ज्याला दिसतं, तो हप्त्याची आणि जप्तीची चौकशी करतो. शॉर्ट म्हटलं की फक्त नफा डोळ्यांपुढं येतो.

त्याच आवृत्तीत एक नियम होता, तो तुझ्याकडंही असण्याची दाट शक्यता आहे, म्हणून सांगते. टोकन ज्याच्या हातात आहे तो कधीही सिस्टीमकडं जाऊन म्हणू शकतो, हे घ्या आणि मला जाहीर भावानं कॉइन द्या. ती कॉइन येतात कुठून? ज्याचं तारण सगळ्यांत पातळ त्याच्या कुलपातून. बिटशेअर्समध्ये त्यासाठी साधारण २४ तासांची मुदत असे. म्हणजे मार्जिन कॉलपर्यंत गेला नाहीस तरी, तारणाच्या रांगेत शेवटचा असलास तर तुझा सौदा दुसरा कुणीतरी बंद करू शकतो.

आता मार्जिन कॉल. एप्रिल २०१३ मध्ये दोन दिवसांत सोनं कोसळलं होतं. आमच्या टेबलावर त्या आठवड्यात फायलींचा ढीग लागला. सोन्याची किंमत कर्जाच्या फार जवळ आलेली खाती वेगळी काढायची, एकेकाला पत्र पाठवायचं, फोन करायचा. माणसं यायची, कुणी पाच हजार भरायचं, कुणी आठवडा मागायचं. एक बाई ओल्या केसांनीच आल्या होत्या, नोटीस हातात घेऊन, "लिलाव झाला का हो?" म्हणत. झाला नव्हता. नोटीस, मुदत, मग पेपरात जाहिरात, असं बरंच अंतर असतं लिलावाआधी. त्या बाईंचं डोरलं सुटलं, पुढच्या महिन्यात.

तुझ्या एक्स्चेंजवर हे अंतर नाही. तारणाची किंमत तुझ्या देण्याच्या रकमेच्या १.७५ पटीवर आली, की रात्रीचे दोन असोत नाहीतर तू शिफ्टवर असशील, सिस्टीम तुझ्या कुलपातली कॉइन विकून टोकन घ्यायला लागते. तुझ्या ३०,००० कॉइनसाठी तो भाव आहे ५.८३ सेंट. आजच्या साडेसातपासून तो फार लांब नाही, २२ टक्क्यांची घसरण पुरे. तिथं सौदा कापला गेला तर देणं फिटायला १७,१५० च्या आसपास कॉइन जातील आणि तुझ्याकडं उरतील साधारण १२,८५०, किंमत ७५० डॉलर. तेही टोकन बरोबर एका डॉलरला मिळालं तर. पडत्या बाजारात जो तो कॉइन विकून डॉलर-टोकनकडं धावतो, त्यामुळं टोकन नेमकं त्याच वेळी महाग होतं, आणि तुला ते नेमकं त्याच वेळी घ्यावं लागतं. हा हिशोब करताना एक डॉलर धरू नकोस, चार-पाच सेंट वर धर.

याहून वाईटही झालेलं आहे. २०१८ च्या अखेरीस सगळा क्रिप्टो बाजार कोसळला, बीटीएसही. बिटयूएसडीमागचं तारण देणं फेडायला पुरेनासं झालं, आणि सगळे शॉर्ट एकदम बंद करून जे तारण होतं ते टोकनवाल्यांत वाटायची पाळी आली. मार्च २०२० च्या १२ तारखेला डाय नावाच्या डॉलर-टोकनबाबत, तेही असंच तारणावर उभं, आणखी एक प्रकार घडला. त्याच्या तारणात मुख्यतः असलेलं इथर हे कॉइन एका दिवसात ४० टक्क्यांहून जास्त पडलं, नेटवर्क तुंबलं, लिलावात दुसरे बोली लावणारेच पोचले नाहीत, आणि काही कर्जदारांचं तारण जवळजवळ फुकटात, शून्य बोलीला गेलं. ज्यांनी किमान मर्यादेला खेटून कर्ज काढलं होतं त्यांचं जास्त गेलं. मे २०२२ मध्ये टेराचं डॉलर-टोकन बुडालं ते वेगळं प्रकरण, त्यामागं तुझ्यासारखं प्रत्येक खात्याचं कुलूपबंद तारण नव्हतं. म्हणून 'टेरासारखं होईल का' हा प्रश्न तुझ्या बाबतीत बाजूला ठेव. तू २०१८ आणि १२ मार्चची आठवण ठेव.

आता त्या ७,००० सुट्या कॉइनचं काय करायचं. या जागी सगळे जे करतात तेच तुझ्या मनात आहे, तारण वाढवायचं. पण दोन्ही गणितं शेजारी मांडून बघ. ७,००० तारणात घातलीस तर कुलपात ३७,००० होतील, देणं तेच १,०००, आणि मार्जिन कॉलचा भाव ५.८३ वरून उतरून ४.७३ सेंटला येईल. त्याऐवजी त्याच कॉइनमधून आजच्या भावानं ५०० टोकन घेऊन अर्धं देणं फेडलंस, त्याला साधारण ६,७०० कॉइन लागतील, तर कुलपात ३०,००० तशीच राहतील, देणं ५०० उरेल, आणि मार्जिन कॉल येईल २.९२ सेंटला. कॉइन तेवढीच, पण एका वाटेनं कड्यापासून एक पाऊल मागं आणि दुसरीनं तीन पावलं. कारण साधं आहे. तारण वाढवलंस तरी पडणाऱ्या कॉइनवरचा तुझा भार तेवढाच राहतो. देणं कमी केलंस की जो आकडा तुला ओढतोय तोच लहान होतो. बँकेतही मी हेच सांगायची: आणखी दागिना आणू नका, मुद्दल थोडं भरा.

आज संध्याकाळी अर्धं देणं फेड. एकाच ऑर्डरनं पाचशे उचलू नकोस, विकणारे थोडे असतील तर तुझ्याच खरेदीनं भाव चढेल. शंभर-शंभरनं घे. उरलेल्या अर्ध्याचं काय ते मग शांतपणे ठरव. त्यासाठी स्वतःला एकच प्रश्न विचार: आज हातात रोख असती तर हे कॉइन, उधार काढून, मी घेतलं असतं का? उत्तर नाही आलं, तर उरलेलंही हळूहळू मिटव.

साजाकडं येते. कोल्हापुरी साज माझ्या टेबलावर पुष्कळदा आला. पहिल्यांदा ठेवणाऱ्याला नेहमी धक्का बसतो, कारण घरच्या वजनात आणि आमच्या वजनात फरक पडतो. मण्यांच्या आत लाख असते. सराफ कसोटीवर घासतो, वजन करतो आणि लाखेचं, दोऱ्याचं वजन वजा घालतो. मग उरलेल्या निव्वळ सोन्याच्या किमतीच्या काही टक्केच कर्ज मिळतं. तुझे लाखभर तिथंच कमी पडतील कदाचित. पण खरं कारण ते नाही. एक्स्चेंजवरच्या देण्याला निदान एक तळ आहे: कुलपातलं गेलं की संपलं, उरलेल्यासाठी तुझ्या दारात कुणी येत नाही. पतसंस्थेच्या कर्जाला तसा तळ नाही. कॉइन ४ सेंटला गेलं तरी तिथं मुद्दल आणि व्याज पूर्ण भरावं लागेल, आणि ते भरेपर्यंत साज त्यांच्या तिजोरीत. एका तारणाची जोखीम भागवायला दुसरं तारण ठेवायचं म्हणजे तुझ्या चुकीची जागा एक्स्चेंजवरून उचलून आईच्या कपाटात नेऊन ठेवायची. ती चूक आज तुझ्या पगाराच्या आवाक्यात आहे. तिथंच राहू दे.

कराचंही एक सांगायला हवं, तोटा भरून काढण्याच्या नादात हे सगळे विसरतात. १ एप्रिल २०२२ पासून क्रिप्टोच्या नफ्यावर सरसकट ३० टक्के कर आहे, वर सेस वेगळा, आणि एका व्यवहारातला तोटा दुसऱ्या व्यवहारातल्या नफ्यातून वजा होत नाही. १ जुलै २०२२ पासून विक्रीवर १ टक्का टीडीएसही आहे. म्हणजे इथं बुडालेलं दुसऱ्या कॉइनमधून काढतो म्हणशील, तर त्या नफ्यावर पूर्ण कर भरून वर हा तोटा तसाच अंगावर. केलेल्या प्रत्येक ऑर्डरची तारीख, भाव आणि संख्या वहीत उतरव आणि मार्चची वाट न बघता सीएकडं जा.

आणि आईला सांग. पैसे मागायला नको, नुसतं सांग. पावणेदोन लाखांच्या आसपासची तुझी कमाई अडकली आहे, त्यातली काही जाईल, काही वाचेल, साजाला हात लावलेला नाही, एवढी तीन वाक्यं पुरेत. मी टेबलाच्या या बाजूला बसून पाहिलेलं सांगते: घरी न सांगता ठेवलेला दागिना सोडवायला जो येतो तो एकटा येतो, आणि त्याला नेहमी दोन-तीन हजार कमी पडत असतात.

कव्हर केल्यावर स्क्रीनवर मार्जिन कॉलचा नवा भाव दिसेल. तो २.९२ च्या आसपास आहे का ते बघ आणि मला कळव. वेगळा आकडा आला तर एक्स्चेंजचा नियम १.७५ चा नाही, किंवा व्याजही देण्यात धरलेलं आहे. तसं असेल तर उरलेल्या अर्ध्याचं गणित आपण नव्यानं मांडू.